मंत्रिमहोदय, आमच्या वर्गाची खोली परत द्या

प्रति,
ज्येष्ठ नागरिकांच्या कल्याणाचे खाते सांभाळणारे माननीय मंत्रिमहोदय,
मंत्रालय, मुंबई

विषय : ज्येष्ठांच्या अभ्यासवर्गाची काढून घेतलेली जागा परत मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेली ऑपरेटर आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. आमच्या गावात निवृत्त माणसांचा एक अभ्यासवर्ग चालतो. चालत होता, असे लिहावे लागते आहे, कारण गेल्या आठवड्यात त्या खोलीला नवे कुलूप पडले. आम्हाला नोटीस नाही, फोन नाही. आमची पुस्तके, फळा, सतरंज्या आणि जुन्या मोडी लिपीच्या सरावाच्या वह्या व्हरांड्यात काढून ठेवल्या होत्या. रात्री वळीव झोडपून गेला. सकाळी वह्यांची पाने एकमेकांना चिकटलेली होती आणि शाई सगळीकडे पसरली होती. मी तिथे उभी राहून रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

ही खोली पट कमी झाल्याने बंद पडलेल्या पालिकेच्या मराठी शाळेतली आहे. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाच्या कार्यक्रमात, लोकप्रतिनिधींनी माइकवरून सांगितले होते, "ही खोली आता कायमची तुमची. ठराव करून देतो." टाळ्या झाल्या, शाल आणि श्रीफळ झाले, फोटो झाले. ठराव काही झाला नाही. आता ती खोली शेजारच्या सभागृहाला जोडून लग्नकार्यासाठी भाड्याने देणार आहेत म्हणे. आम्हाला पर्यायी जागा दाखवली ती व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आमच्यातल्या दोघी वॉकर घेऊन येतात. ज्याने ही जागा सुचवली त्याने आम्हाला एकदा तरी पाहिले होते का?

विचारायला गेलो तेव्हा टेबलामागचे साहेब म्हणाले, "आजी, या वयात शिकून काय करणार? भजनाला देवळाचा मंडप आहेच की." महोदय, कुलपापेक्षा हे वाक्य मला जास्त लागले. भजन मीही करते. पण मी त्यांच्याकडे भजनाला जागा मागायला गेले नव्हते.

आम्ही तिथे काय करत होतो ते ऐका. सोमवारी मोडी. पुराभिलेख संचालनालयाचा मोडीचा वर्ग केलेले एक निवृत्त शिक्षक आम्हाला शिकवतात. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग अक्षरे तिला खालून जोडत जायची. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, हात उचलला की लय तुटते. पहिले काही महिने मला एक ओळ लागत नव्हती. मग एके दिवशी एका जुन्या खरेदीखतातला "सदरहू" हा शब्द आपोआप वाचला गेला आणि मी खोलीत ओरडलेच. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीचे कोट्यवधी कागद आहेत आणि ते वाचणारी माणसे बोटावर मोजण्याइतकी. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, आधी मराठवाड्यात, मग राज्यभर, तेव्हा शासनालाच मोडी वाचणारे हवे झाले होते. आमच्या गावातले लोक आजा-पणजाचे कागद पिशवीत घालून त्याच खोलीत येत होते. आमच्या वर्गातल्या सत्तरी-पंच्याहत्तरीच्या माणसांनी भिंग लावून ते वाचून दिले, एक पैसा न घेता. तेव्हा कुणी विचारले नाही, या वयात शिकून काय करणार.

बुधवारी मोबाईल. याला छंद म्हणू नका. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो डिजिटल झाला, चांगलेच झाले. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या आणि शेतात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. मग चेहरा दाखवून दाखला काढायचा, त्यासाठी ॲप उतरवायचे, पापण्या मिटायच्या, उघडायच्या. हे सगळे आम्ही एकमेकांना शिकवतो आणि बाहेरून आलेल्यांनाही करून देतो. आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना "डिजिटल अरेस्ट"चा फोन आला. समोर खाकी गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्याचा फलक. त्यांनी फोन बंद केला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, कारण आदल्याच बुधवारी वर्गात आम्ही हेच बोललो होतो की कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. त्यांची आयुष्याची पुंजी त्या खोलीने वाचवली, साहेब. तुमच्या कुठल्या योजनेने नाही.

बाकी इंग्रजी होते, हिवाळ्यात गच्चीवर आकाशदर्शन होते, वर्तमानपत्राचे वाचन आणि त्यावर भांडण होते.

माझे स्वतःचे सांगते. तरुणपणी मी ट्रंक कॉल जोडून द्यायची. दिवसभर कानाला माणसांचे आवाज. हे गेले, मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात, आणि घरात मी आणि टीव्ही. संध्याकाळी दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडले तर आवाज घोगरा यायचा, इतका तो दिवसभर वापरलेला नसायचा. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. वर्ग सुरू झाल्यावर त्या सुटल्या. आता डबी पुन्हा उशाशी आली आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे जे १४ घटक दिले आहेत, त्यात कमी शिक्षण आहे, एकटेपण आहे, बहिरेपण आहे. आमचा वर्ग यातल्या कितींवर औषध होता, हे तुमच्या आरोग्य खात्याला विचारा.

आता तुमच्या धोरणांबद्दल. राज्याचे ज्येष्ठ नागरिक धोरण २०१३ चे आहे, २०१८ चे आहे. पुढे मुख्यमंत्री वयोश्री योजना आली, ३ हजार रुपये एकदाच. तीर्थदर्शन योजना आली, माणशी ३० हजारांपर्यंत. यात्रेला माझा विरोध नाही, माझी जाऊ अयोध्येला जाऊन आली आणि सुखावली. पण एका यात्रेकरूच्या त्या ३० हजारांत आमच्या वर्गाचे वर्षाचे वीजबिल, झेरॉक्स आणि खडू भागून पैसे शिल्लक राहतील. २००७ चा कायदा आहे, तो पोटगीचा आणि वृद्धाश्रमांचा. म्हणजे सरकारच्या लेखी म्हातारा माणूस एकतर निराधार, नाहीतर आजारी, नाहीतर यात्रेकरू. विद्यार्थी मात्र कधीच नाही.

आणि कागदावर? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधले २१वे प्रकरण प्रौढ शिक्षण आणि आजीवन अध्ययनाचेच आहे. त्यातून "उल्लास" कार्यक्रम निघाला, पाच वर्षांचा, १ हजार ३७ कोटींचा. अक्षरओळखीबरोबर डिजिटल आणि आर्थिक साक्षरता त्यात आहे, निरंतर शिक्षण हा तर एक स्वतंत्र घटक आहे. आम्ही बुधवारी दुसरे काय करत होतो? मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या, पाठीला दप्तर लावलेल्या त्या आज्यांचे फोटो जगभर गेले, सगळ्यांनी मिरवले. मग तशी शाळा तालुक्या-तालुक्यात का उघडली नाही? फोटो काढून झाला म्हणून?

राज्यघटनेचे ४१वे कलम काढून वाचा. कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण यांत सरकारी साहाय्याचा हक्क, तिन्ही एकाच वाक्यात आहेत. राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, असेही तिथे लिहिले आहे, ठाऊक आहे. म्हणून तर आम्ही इमारत मागितली नाही, अनुदान मागितले नाही. तुम्ही बंद केलेल्या शाळेची एक खोली मागितली, जी तोवर कबुतरांकडे होती.

पण हिसकावणे हेच आता चालू आहे. २० मार्च २०२० ला रेल्वेने ज्येष्ठांची सवलत काढली, पुरुषांना ४० टक्के होती, बायकांना ५० टक्के. करोना गेला, सवलत परत आली नाही. केंद्राचे वार्धक्य निवृत्तिवेतन ऐंशीच्या आतल्यांना महिन्याला २०० रुपये. आजच्या भावात दोनशे रुपयांत रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या तरी महिनाभर पुरतात का, एकदा दुकानात जाऊन बघा. ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेतल्यांना २०१४ पासून महिन्याला किमान १ हजार. गिरण्यांत, साखर कारखान्यांत, एसटीत हाडे झिजवलेली ही माणसे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढची १ कोटी ११ लाख माणसे होती, आता ती दीड कोटींच्या घरात असतील. निवडणुकीत आम्हाला घरून न्यायला गाडी येते, खुर्ची धरायला कार्यकर्ता येतो, ऐंशी-पंच्याऐंशीच्या मतदाराचा हात धरून फोटो निघतो. मग पुढची पाच वर्षे आम्ही "या वयात काय करणार" होतो. आम्ही कर भरला आहे, आजही भरतो. औषधांवर भरतो, चष्म्यावर भरतो, मोडीच्या वहीवरही २०२५ पर्यंत भरला.

मागण्या थोड्या आहेत. खोली आम्हाला परत द्या, या वेळी लेखी ठरावाने. राज्यात पट नसल्याने बंद पडलेल्या प्रत्येक सरकारी शाळेतली तळमजल्यावरची एक खोली त्या गावातल्या ज्येष्ठांच्या वर्गासाठी राखून ठेवण्याचा शासन निर्णय काढा. विद्यापीठांच्या आजीवन अध्ययन विभागांना तालुक्यापर्यंत यायला सांगा, आमच्याकडे शिकवायला आणि शिकायला दोन्हीला माणसे आहेत. आणि भिजलेल्या वह्यांबद्दल आमची माफी मागायला पालिकेतून कुणीतरी या.

उत्तराची वाट आम्ही घरात बसून पाहणार नाही. येत्या सोमवारी सकाळी साडेनऊला मोडीचा वर्ग पालिकेच्या पायऱ्यांवर भरेल. पोलीस ठाण्याला लेखी कळवले आहे. वॉकरवाल्या दोघींसाठी खुर्च्या आम्हीच आणतो आहोत, आणि ज्या साहेबांनी आम्हाला भजनाचा मंडप दाखवला त्यांनाही बसायला एक खुर्ची ठेवू. त्या दिवशीचा धडा पालिकेच्याच एका जुन्या ठरावाचा आहे.

कळावे,

आपली नम्र,
एक ज्येष्ठ विद्यार्थिनी