आपल्याच युद्धाची बातमी सिंगापूरहून का यावी?

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

स. न. वि. वि.

मी परळला राहतो. पस्तीस वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली, त्यातली निम्म्याहून जास्त रात्रपाळीत. काम साधं होतं. इंग्रजी कॉपी यायची, तिचं मराठी करायचं, मथळा द्यायचा, पान सोडायचं आणि पहाटेच्या पहिल्या लोकलची वाट बघत बाकावर आडवं व्हायचं. परदेशी वृत्तसंस्थांशी माझा संबंध एवढाच, पण त्यांच्या एकेका शब्दावर रात्री घालवल्या आहेत, म्हणून हे पत्र.

पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यात आमच्या डोंबिवलीचे तिघे होते. बीबीसीने मारेकऱ्यांना ‘मिलिटंट’ म्हटलं आणि आपल्या मंत्रालयाने बीबीसीच्या भारतातल्या प्रमुखांना पत्र लिहून नाराजी कळवली. राग मलाही आला होता. पण खरं सांगायचं तर ‘मिलिटंट’ला मराठीत काय म्हणायचं, यावर आमच्या डेस्कवर कायम भांडणं. पंजाब पेटला होता तेव्हा ‘अतिरेकी’, काश्मीरमध्ये ‘दहशतवादी’, श्रीलंकेत ‘बंडखोर’. इंग्रजी शब्द एकच, मराठी मात्र आम्ही नकाशा बघून ठरवायचो. तेव्हा निष्पक्षपणाचा टेंभा मिरवायला मला तोंड नाही. मुद्दा एवढाच की शब्दांवरची ही भांडणं सरकारं सहसा जिंकत नाहीत. १९८२ साली ब्रिटन आणि अर्जेंटिनातल्या फॉकलंडच्या लढाईत बीबीसी ‘आपलं सैन्य’ न म्हणता ‘ब्रिटिश सैन्य’ म्हणते, म्हणून पंतप्रधान थॅचरबाई संतापल्या होत्या. त्यावर बीबीसीचे एक वरिष्ठ अधिकारी, रिचर्ड फ्रान्सिस, म्हणाले होते की पोर्ट्समथमधली विधवा ब्वेनोस आयरेसमधल्या विधवेपेक्षा वेगळी नसते. थॅचरबाई युद्ध जिंकल्या, बीबीसीची भाषा मात्र तीच राहिली.

आपल्याकडे १९७० साली एका फ्रेंच दिग्दर्शकाच्या माहितीपटांवरून बीबीसीचं दिल्लीतलं कार्यालय बंद करायला लावलं. आणि वर्षभरात काय झालं? २५ मार्च १९७१च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कर रस्त्यावर उतरलं. परदेशी बातमीदारांना हॉटेल इंटरकॉन्टिनेंटलमध्ये कोंडलं, मग ३५ जणांना विमानात घालून हाकललं. वह्या काढून घेतल्या, फिल्मा काढून घेतल्या. त्यात न्यूयॉर्क टाइम्सचा सिडनी शॅनबर्ग होता. ढाक्यात तोफा कशा चालल्या, ही त्याची पहिली बातमी अमेरिकेला गेली ती मुंबईहून केलेल्या तारेने! वह्या गेल्या होत्या, पण जे पाहिलं ते डोक्यात होतं. ते कसं काढून घेणार?

पुढची गोष्ट तर नाटकात घातली तर लोक हसतील. विदेशी गेले, आता आपलेच नेऊ, म्हणून पाकिस्तानने एप्रिलमध्ये स्वतःच्या आठ पत्रकारांना सरकारी दौऱ्यावर पूर्व पाकिस्तानात नेलं. बाकीच्यांनी सांगितलं तसं लिहिलं. कराचीच्या अँथनी मस्करेन्हसना ते जमलं नाही. गोव्याचं घराणं, जन्म आपल्या बेळगावचा. ते लंडनला गेले, बायकामुलांना आधी बाहेर काढलं आणि १३ जूनच्या संडे टाइम्समध्ये लष्कराच्या कत्तलीबद्दल सगळं छापलं. तो लेख वाचून आपण हादरलो, असं इंदिराबाईंनी त्या पत्राच्या संपादकांना सांगितलं होतं. तेव्हा विदेशी प्रेस भारताविरुद्ध कट करते, असं कुणी म्हणालं नाही. युद्ध पेटलं त्या डिसेंबरात आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. मी चौदा वर्षांचा होतो आणि जग आपल्या बाजूने आहे, असं वडील ठामपणे सांगायचे.

आता पहलगामनंतरच्या ऑपरेशन सिंदूरमधली, ८ मे २०२५ची रात्र सांगतो. साडेअकराच्या सुमाराला वरच्या मजल्यावरच्या सावंतवहिनी गाऊनवरच खाली आल्या. त्यांचा धाकटा शिपवर असतो. त्या आठवड्यात त्यांची बोट मुंद्र्याहून आखाताकडे निघाली होती. हातात मोबाइल, पाठीमागे त्यांच्याच घरातून टीव्हीचा भोंगा ऐकू येत होता. (वाहिन्यांनी बातम्यांत भोंगे वाजवू नयेत, हे सरकारला दोन दिवसांनी सांगावं लागलं.) कराची बंदर उद्ध्वस्त झालं, असं पडद्यावर लाल अक्षरांत चाललं होतं. मी जुन्या डेस्कवर फोन लावला. पोरगा म्हणाला, “सर, एजन्सीवर एक ओळ नाही.” मग परदेशी वृत्तसंस्थांची पानं उघडली. जम्मूतल्या स्फोटांची बातमी होती, कराची बंदराचं काही नव्हतं. वहिनींनी विचारलं, “भावजी, मग खरं कुणाचं धरायचं?” मी म्हटलं, “वहिनी, या गोऱ्यांचं धरा.” हे म्हणताना लाज वाटली, साहेब. पण त्यांना झोप लागणं जास्त महत्त्वाचं होतं.

त्याच दिवसांत ८ हजारांहून जास्त खाती रोखायला सरकारने सांगितल्याचं एक्सने (पूर्वीच्या ट्विटरने) जाहीर केलं. मग चीनचं ग्लोबल टाइम्स आणि तुर्कस्तानची टीआरटी वर्ल्ड यांचीही खाती इथे दिसेनाशी झाली. कराची बुडवणाऱ्या वाहिन्यांचं मात्र काही बिघडलं नाही.

आणि आपली विमानं पडली का? हा प्रश्न परदेशी पत्रकार पहिल्या दिवसापासून विचारत होते. ११ मे रोजी हवाई दलाने एवढंच सांगितलं की नुकसान हा लढाईचा भाग असतो आणि वैमानिक सगळे परत आले आहेत. ३१ मे रोजी संरक्षण दलप्रमुख जनरल चौहान यांनी विमानं गमावल्याचं मान्य केलं. कुठे, तर सिंगापूरला. कुणाला, तर ब्लूमबर्ग या अमेरिकी वृत्तवाहिनीच्या कॅमेऱ्यासमोर. पाकिस्तानचा सहा विमानांचा आकडा खोटा आहे, हेही तिथेच सांगितलं. विमानं का पडली आणि चूक कशी सुधारली, हे त्यांनी नीट समजावलं. उत्तर चांगलं होतं. फक्त ते मुंबईच्या मराठी डेस्कला सिंगापूरहून इंग्रजीत आलं आणि तिथून भाषांतर करून माझ्या वहिनींना मिळालं.

लढाई चालू असताना सगळं सांगता येत नाही, हे मुंबईकराला शिकवायला नको. २६/११च्या हल्ल्यात नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो उतरताना आम्ही टीव्हीवर पाहिले आणि ते दाखवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कडक ताशेरे मारले, ते योग्यच होतं. पण कमांडो कुठे आहेत हे लपवणं वेगळं आणि नंतर तीन आठवडे गप्प बसणं वेगळं.

आपले वडील के. सुब्रह्मण्यम कारगिल आढावा समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्याबरोबर बी. जी. व्हर्गिस हे पत्रकारही होते. सरकारने माहितीविषयीचं धोरण तपासून महत्त्वाच्या राष्ट्रीय प्रश्नांवर जनतेला माहिती देत राहावं, असं त्या अहवालात आहे. २००० साली तो संसदेत आला. आपल्या घरातलीच गोष्ट आहे, म्हणून आठवण करून देतो.

७ मेच्या सकाळी परराष्ट्र सचिव आणि दोन महिला अधिकाऱ्यांनी माहिती दिली, तशी ती रोज एका ठरलेल्या वेळी मिळावी आणि त्यात नुकसानही असावं. मराठीतही मिळाली तर आमच्या डेस्कवरच्या पोरांची रात्र वाचेल. आणि परदेशी बातमीदाराला सीमेजवळ जायची परवानगी मिळावी, पाकिस्तान देत नसेल तर आपण आधी द्यावी.

सावंतवहिनींचा धाकटा पुन्हा शिपवर गेला आहे. पुढच्या खेपेला त्या रात्री खाली आल्या, तर आपल्या मंत्रालयाचं पान उघडून त्यांच्यापुढे धरता यावं.

कळावे,

आपला,
एक निवृत्त उपसंपादक
परळ, मुंबई