सम येऊ द्या, मग आवाज उतरवा

संपादक महोदय,

दर आठवड्याच्या अर्ध्या तासाच्या शास्त्रीय संगीताच्या रेडिओ कार्यक्रमात बैठकीची ध्वनिमुद्रणे लागतात, हे छानच. पण ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ यांच्या इंदुरात तरी अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतल्या, झुमरा तालाचा हिशोब आधी मांडला जावा. झुमरा 14 मात्रांचा. मात्रा चार सेकंदांची धरली तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, 56 सेकंदांचे. निवेदन वजा जाता 26 मिनिटे उरली, तर त्यात जेमतेम 27 आवर्तने बसतात. पुढे द्रुत (जलद लयीतला ख्याल) आणि तराणा हवा असेल तर बडा ख्याल, म्हणजे हा संथ भाग, 17 आवर्तनांत आटोपायला हवा. हे न मोजल्याने वेळ संपली की ऐन मुखड्यावर, म्हणजे समेकडे नेणाऱ्या ओळीवर, आवाज हळूहळू उतरवून गाणे थांबवले जाते. उतरवायचाच तर समेनंतरच्या (सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा) चार-पाच मात्रांत, म्हणजे 16 ते 20 सेकंद घेऊन उतरवावा.

याहून त्रास होतो तो आवाजाची पातळी आपोआप सारखी करणाऱ्या कंप्रेसर या यंत्राचा. गायक दोन आलापांच्या मध्ये थांबला, की ते तानपुरा आणि खोलीतली घरघर वर उचलते. सूर लागताच पुन्हा खाली दाबते. विलंबित ख्यालातली विश्रांतीच मग नाहीशी होते. (निवेदकाच्या बोलण्याला ते खुशाल लावा.) गाण्याला ते बंद ठेवून पातळी हाताने सांभाळावी, ते जमत नसेल तर निदान त्याचा रिलीज, म्हणजे दाबलेली पातळी पुन्हा वर यायला लागणारा वेळ, लांबवावा.

आणि राग, ताल, साथीदारांची नावे शेवटीही सांगावीत. सगळेच काही सुरुवातीपासून ऐकत नसतात.

– एक श्रोता, रामबाग, इंदूर