अर्ध्या ओळीतला सॅमी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सॅमी डेव्हिस ज्युनिअर या अमेरिकेतल्या काळ्या कलावंताला ‘गायक फ्रँक सिनात्राचा मित्र’ असं म्हणून अर्ध्या ओळीत आटोपलंय. मी २६ वर्षं वाद्यवृंदांत दोन गाण्यांच्या मधे नकला केल्या, म्हणून राहवलं नाही.

हा माणूस गायचा, टॅप नाचायचा, ड्रम-ट्रम्पेट वाजवायचा. पण मला विचाराल तर त्याची छाती दिसते ती नकलांत. काळ्याने गोऱ्यांसमोर गोऱ्या नटांची नक्कल करणं तेव्हा आगाऊपणा समजला जाई. त्याला लहानपणापासून स्टेजवर घेऊन फिरणाऱ्या विल मास्टिनचाच विरोध होता. तरी त्याने जेम्स कॅग्नी केला, हम्फ्री बोगार्ट केला. १९५१ला हॉलिवूडच्या सिरोज क्लबात टाळ्या पिटणारे खुद्द सिनेमावालेच होते! मी एकदा एका कारखान्याच्या गॅदरिंगला मोठ्या साहेबांची नक्कल केली. हॉल हसला, साहेब नाही. माझं पुढच्या वर्षीचं पाकीट बुडालं, एवढंच. सॅमीचं तर लष्करात असताना गोऱ्या शिपायांनी नाक फोडलं होतं, तेही नुसत्या कातडीपायी.

लास वेगासला त्याचा खेळ बड्या हॉटेलात, झोपायला मात्र पश्चिमेकडच्या काळ्यांच्या वस्तीत. नाव झाल्यावर तो अडून बसू लागला, काळ्या प्रेक्षकांना मज्जाव असेल तिथे गाणार नाही म्हणून. मार्च १९६०मध्ये तिथल्या हॉटेलांनी दारं उघडली. ते श्रेय त्याच्या एकट्याचं नव्हे, मोर्चाची तयारी केलेल्या तिथल्या काळ्या रहिवाशांचं जास्त.

१९५४च्या अपघातात त्याचा डावा डोळा गेला. नकलाकाराचं अर्धं भांडवल डोळ्यात असतं हो! गडी दोन-तीन महिन्यांत पट्टी बांधून पुन्हा स्टेजवर.

१९६०ला त्याने मे ब्रिट या स्वीडिश नटीशी लग्न केलं, तेव्हा काळ्या-गोऱ्यांचं असं लग्न अमेरिकेच्या वीसहून जास्त राज्यांत बेकायदा होतं. ज्या केनेडींचा प्रचार केला, त्यांच्या शपथविधीच्या सोहळ्यातून त्याचं नाव कापलं गेलं. पुढे १९७२ला त्याने केनेडींच्या विरोधी पक्षाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना मिठी मारली आणि आपलेच लोक उलटले. ती मिठी मलाही खटकते. पण १९६५ला ब्रॉडवेचा खेळ एका रात्रीपुरता बंद ठेवून हाच माणूस अलाबामात काळ्यांच्या हक्कांसाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांसमोर उभा राहिला होता.

पुन्हा कधी त्याच्यावर छापलंत, तर फोटो सिनात्राबरोबरचा नको. नक्कल करतानाचा बघा मिळाला तर.

आपला,
एक निवृत्त नकलाकार, डोंबिवली