मुक्कामाच्या गाडीऐवजी आलेल्या शेअर टॅक्सीबाबत तक्रार

भुदरगड तालुका, जि. कोल्हापूर
दि. 18 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, शेअर टॅक्सी योजना

विषय : सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची फेरी न सोडणे, थांब्यावर हजर असलेल्या प्रवाशांची 'गैरहजर' अशी नोंद करणे, आणि मासिक पासाचे पैसे परत मिळणेबाबत.

महोदय,

मी गारगोटीपासून आत, डोंगराच्या बाजूला असलेल्या एका वाडीत राहते. माझी मुलगी गारगोटीला बारावीत शिकते. तिच्या नावे आपल्या शेअर टॅक्सीचा मासिक पास जूनपासून घेतलेला आहे. सासूबाई आणि मी लागेल तेव्हा रोख पैसे देऊन बसतो. आपल्या मदत क्रमांकावर तोंडी तक्रारी करून झाल्या आहेत. दर वेळी नवा तक्रार क्रमांक मिळतो आणि कोणाचाही फोन न येता 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा संदेश येतो. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे.

आमच्या वाडीला मुक्कामाची गाडी, म्हणजे रात्री वाडीतच थांबून पहाटे सुटणारी एसटी बस होती. ती बंद का झाली, कोणी केली, तो विषय या पत्राचा नाही. त्याचा पाठपुरावा ग्रामपंचायत वेगळा करत आहे. पण तिच्या जागी आपण आलात. आपले प्रतिनिधी ग्रामसभेला आले, त्यांनी मोबाइलवर मार्ग दाखवला आणि छापील पत्रके वाटली. पत्रकावर पहिली फेरी सकाळी 6.15 ची आणि परतीची शेवटची फेरी गारगोटीहून संध्याकाळी 6 ची आहे. खाली ठळक अक्षरात 'बसच्याच वेळेत, बसच्याच मार्गावर' असे छापले आहे. त्या शब्दावर आम्ही पास काढले. प्रत्यक्षात बस वेळ झाली की सुटायची आणि आपली गाडी सीट भरल्या की सुटते. याला आमच्याकडे वडाप म्हणतात. वडापने आम्ही लहानपणापासून फिरलो आहोत, त्याबद्दल तक्रार नाही. पण वडापवाल्याने कधी वेळापत्रक छापून दिले नव्हते आणि महिन्याचे पैसे आगाऊ घेतले नव्हते.

सकाळच्या फेरीचे काय होते ते आपल्या कार्यालयात कोणाला ठाऊक आहे की नाही, याची मला शंका आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मुक्कामाची गाडी रात्री वाडीत यायची. चालक-वाहक देवळाच्या ओवरीत झोपायचे. पहाटे गाडी तिथेच उभी असायची, त्यामुळे ती 'येईल का' हा प्रश्नच कधी पडला नाही. पावसात रात्रीतून फरशी पुलावर पाणी आले तर गोष्ट वेगळी, आणि ते सगळ्यांना दिसायचे. आपल्या गाड्या मात्र रात्री गारगोटीत असतात. 6.15 ची फेरी करायची तर चालकाने पाचच्या सुमारास उठून एवढे अंतर रिकामे यायचे. आपल्याच चालकांनी सांगितल्याप्रमाणे त्यांना फेरीचे ठरलेले पैसे मिळत नाहीत. बसलेल्या सीटमागे मिळतात आणि त्यातूनही कंपनीचा वाटा कापला जातो. येतानाची रिकामी धाव आणि तिचे डिझेल त्यांच्या खिशातून जाते. मग वाडीतून पहाटे तीनच बुकिंग आहेत असे दिसले की तो येत नाही, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही आले नसते. दोष त्याच्या आळसाचा नाही, आपण ज्या पद्धतीने हिशेब बांधला आहे त्याचा आहे. मुक्काम काढून टाकला की पहाटेची गाडी उरतच नाही. बस चालवणाऱ्यांना हे इतक्या वर्षांपूर्वी कळले होते की रात्रवस्ती हा वेळापत्रकाचाच भाग होता. आपण वेळापत्रक घेतले आणि रात्रवस्ती सोडून दिली.

संध्याकाळची गोष्ट याहून गंभीर आहे. जुलैत एका संध्याकाळी माझी मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणी गारगोटीच्या थांब्यावर वेळेआधी उभ्या होत्या. पाऊस सुरू होता. गाडी सहा सीटची. चालक म्हणाला, उरलेल्या दोन सीटचे पैसे भरा तर निघतो, नाहीतर आणखी दोघे येईपर्यंत थांबा. मुलींकडे तेवढे पैसे नव्हते. अंधार पडेपर्यंत कोणी आले नाही. चालकाला दुसरे भाडे मिळाले आणि तो गेला. त्यानंतर ॲपवर त्या फेरीपुढे 'प्रवासी गैरहजर, फेरी रद्द' अशी नोंद झाली आणि पासातून त्या दिवसाची फेरी वापरली म्हणून वजा झाली. एका मैत्रिणीच्या मामांनी मोटारसायकलवरून दोन खेपा करून मुलींना घरी आणले.

माझ्या मुलीला गैरहजर म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार आहे? ती तिथे होती. गैरहजर गाडी होती. आपल्या नोंदवहीत ही फेरी 'प्रवासी आलेच नाहीत' या खात्यात जमा झाली असेल, तर उद्या आपण याच आकड्यांवरून म्हणाल की या मार्गाला प्रवासी नाहीत. बसच्या बाबतीत गावोगाव हेच झालेले आम्ही पाहिले आहे. आधी गाडी वेळेवर येत नाही, मग लोक वाट पाहणे सोडतात, मग उत्पन्न नाही म्हणून फेरी बंद होते. त्यामुळे ही चुकीची नोंद माझ्यासाठी पासाच्या पैशांपेक्षा मोठी आहे. ती दुरुस्त झाल्याचे मला लेखी हवे आहे.

त्या संध्याकाळनंतर चौघींपैकी एकीला तिच्या घरच्यांनी कॉलेजला पाठवणे थांबवले आहे. परीक्षेला तेवढी बसेल, असे ते म्हणतात. मुलगी हुशार आहे. तिच्या वडिलांना मी काय समजावू? 'गाडीची खात्री द्या, पाठवतो,' एवढेच ते म्हणतात, आणि ती खात्री माझ्याकडे नाही.

आता पैशांबद्दल. एसटीत 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे आणि 65 ते 75 वयाच्यांना निम्मे तिकीट आहे. 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजला जाण्याचा पास मोफत मिळतो. आमच्या घरातल्या तिघी बायकांपैकी सासूबाई आणि मुलगी बसने फुकट जायच्या आणि मी निम्म्यात. आज तिघींना पूर्ण भाडे पडते, आणि बाजाराच्या दिवशी 'मागणी जास्त' म्हणून त्याहून वाढवून. सासूबाईंची साखरेची तपासणी आता दर महिन्याऐवजी 'जमेल तेव्हा' होते. या सवलती सरकार देते आणि त्याची भरपाई एसटीला सरकारकडून मिळते, आपल्याला मिळत नाही, हे मी जाणते. खासगी कंपनीने पदरचे पैसे घालून सगळे फुकट न्यावे असे माझे म्हणणे नाही. पण 'बसच्याच मार्गावर' असे छापताना 'सवलती मिळणार नाहीत' हे कुठेच छापलेले नव्हते. आणि सवलतीची भरपाई मिळावी म्हणून आपण सरकारकडे किंवा जिल्हा परिषदेकडे एकदा तरी प्रस्ताव दिला आहे का, हे विचारण्याचा हक्क मला पासधारक म्हणून आहे. दिला असेल तर त्याची प्रत द्या, ग्रामसभेचा ठराव आम्ही त्याला जोडू.

बाजारादिवशी याच सहा सीटच्या गाडीत दहा-दहा माणसे बसवली जातात. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे चालक सोडून सहापर्यंत प्रवासी नेणारी गाडी मोटर कॅब ठरते, सातपासून बारापर्यंतची मॅक्सी कॅब, आणि दोन्हींचे परवाने आसनसंख्येप्रमाणे असतात. परवान्यापेक्षा जास्त माणसे असताना अपघात झाला तर विमा कंपनीची जबाबदारी विम्यात धरलेल्या प्रवासीसंख्येपुरतीच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये स्पष्ट केलेले आहे. म्हणजे दहा जणांत चौघांच्या वाट्याला काय? रोख पैसे देणाऱ्याला आपल्याकडे साधी पावतीही मिळत नाही, त्यामुळे तो गाडीत होता हे सिद्ध करणेच अवघड. एसटीच्या तिकिटात अपघात साहाय्यता निधीचा एक रुपया असतो आणि तिकीट हा पुरावा असतो. हातात तो कागदाचा तुकडा असणे किती महत्त्वाचे आहे, हे वाडीतल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

बुकिंगबद्दल थोडक्यात. वाडीत रेंज देवळाच्या चढावर गेल्यावरच येते. ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपते. म्हाताऱ्या माणसांकडे साधे फोन आहेत. ग्रामपंचायतीत किंवा किराणा दुकानात एक वही ठेवा, आदल्या दिवशी नावे लिहू द्या, इतके साधे काम आहे.

चालकांविरुद्ध माझी तक्रार नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण अशा पत्रानंतर कारवाई त्यांच्यावरच होते. त्यातला एक जण पावसात रस्त्यावर झाड पडले असताना कोयता घेऊन उतरला, फांद्या तोडून वाट केली आणि सगळ्यांना घरापर्यंत सोडले. छोटी गाडी वाड्यांच्या आतपर्यंत येते, जिथे बस कधी वळू शकली नसती, हेही खरे आहे. पन्नास सीटची गाडी पाच माणसांसाठी पळवणे परवडत नाही, हे आम्हाला समजते. म्हणूनच ही योजना बंद करा असे मी म्हणत नाही. ती नीट चालली तर आम्हाला हवीच आहे.

माझी मागणी अशी आहे. सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची फेरी गाडीत एकच प्रवासी असला तरी वेळेवर सुटली पाहिजे, आणि त्या दोन फेऱ्यांचे चालकाला ठरलेले पैसे कंपनीने द्यावेत, रिकाम्या धावेसह. त्यासाठी एक गाडी वाडीत मुक्कामाला ठेवा. आमच्याच वाडीत पिवळ्या नंबरप्लेटच्या गाड्या असलेले दोन तरुण आहेत. त्यांच्याशी बोललात तर रिकामी धावही वाचेल. थांब्यावर हजर प्रवाशाची 'गैरहजर' नोंद त्याला फोन करून खात्री केल्याशिवाय होऊ नये, आणि जुलैतल्या त्या फेरीसह आतापर्यंतच्या अशा नोंदी तपासून दुरुस्त कराव्यात. रोख भाड्याची छापील पावती द्यावी आणि परवान्यापेक्षा जास्त माणूस बसवू नये. विद्यार्थ्यांच्या पासाचा दर वर्षभर एकच असावा, बाजार असो वा सण. आणि ज्या फेऱ्या सुटल्याच नाहीत त्यांचे पासातून कापलेले पैसे चारही मुलींना परत मिळावेत.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. मदत क्रमांकावरचा संदेश मी उत्तर धरणार नाही. तेवढ्यात उत्तर आले नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी राहते त्याच जिल्ह्यात ती करता येते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. मुलींच्या पालकांनी सह्या केलेल्या आहेत. सहामाही परीक्षा तोंडावर आहे. किमान संध्याकाळी 6 च्या फेरीचा निर्णय तरी 15 दिवसांची वाट न पाहता घ्यावा, ही विनंती.

आपली,
(सही)
पासधारक विद्यार्थिनीची आई

सोबत : वेळापत्रकाचे पत्रक, पासाची पावती, 'प्रवासी गैरहजर' नोंदीचा स्क्रीनशॉट, चार पालकांच्या सह्यांचे निवेदन.

प्रत : ग्रामपंचायत, प्रादेशिक परिवहन कार्यालय, कोल्हापूर.