गोगलगायी पावसाळ्यात मोजा : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री,
नवी दिल्ली

माननीय महोदय,
सविनय नमस्कार.

आमच्या सोलापुरातल्या जुन्या घरांना अंगणापासून मोरीपर्यंत शहाबादी फरशी असते. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी ही फरशी म्हणजे चुनखडकच. तिच्यावर लिंबू पिळले गेले किंवा चिंचेचे पाणी सांडले की पांढरट डाग पडतो आणि कितीही घासला तरी जात नाही, कारण आंबटाने दगडच खाल्लेला असतो. जीवशास्त्र शिकवत असताना हा डाग मी मुलांना दाखवायचो. मग रांजणाजवळची एक सुटी फरशी उचलायचो. खालच्या ओलीत भाताच्या शिताएवढ्या गोगलगायी सरकत असायच्या. भिंग धरले की शिंगांच्या टोकांवरचे काळे डोळे दिसायचे, आणि वर्गातला सर्वांत दंगेखोर मुलगाही श्वास रोखून बघायचा.

वैशाखात तीच फरशी उचलली तर एकही सापडत नसे. शंखाच्या तोंडावर वाळलेल्या चिकट द्रवाचा पापुद्रा ओढून त्या कुठल्यातरी भेगेत निजलेल्या असायच्या. मृगाचा पाऊस पडला की पुन्हा हजर.

अंगणातल्या या गोगलगायींना काही धोका नाही. मी लिहितो आहे ते चुनखडकाच्या डोंगरांतच राहणाऱ्या त्यांच्या भाईबंदांसाठी.

मेघालयात चेरापुंजीजवळच्या मॉसमाई या चुनखडकातल्या गुहेतून शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक नवी गोगलगाय नोंदवली, जिओरिसा मॉसमाईएन्सिस. तांदळाच्या दाण्याहून लहान. तिच्या कुळातली जिओरिसा सॅरिटा त्याच परिसरातून १८५१ मध्ये नोंदवली गेली होती. मध्ये तब्बल १७० वर्षे गेली. रोज पर्यटकांची रांग लागते त्या गुहेची ही गत, तर ज्या टेकडीवर कुणी भिंग घेऊन गेलेलेच नाही तिथे काय काय असेल?

शंखाला लागतो चुना. धो धो पावसाच्या मुलखात मातीतला चुना धुऊन जातो आणि माती आम्लधर्मी होते. तिथे चुनखडकाची टेकडी म्हणजे या जिवांचे बेटच. मिलिमीटरभर देहाने मधली चुना नसलेली जमीन ओलांडून पलीकडच्या टेकडीवर जाणे त्यांना जमत नाही, म्हणून टेकडीगणिक जात वेगळी होत जाते. मलेशियात पहांग राज्यातल्या बुकित पंचिंग या टेकडीवर प्लेक्टोस्टोमा स्किआफिलम नावाची गोगलगाय होती, जगात फक्त तिथेच. खाणीने ती टेकडी फोडून संपवली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत आज त्या गोगलगायीपुढे 'नामशेष' असे लिहिले आहे.

महोदय, आता मुद्द्यावर येतो. खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधी तिथल्या वनस्पती आणि प्राण्यांची पाहणी होते. आपल्याच मंत्रालयाच्या प्रमाणित अटींप्रमाणे ही पाहणी एका हंगामात करायची असते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. हवेतली धूळ मोजायला ते ठीक असेल. पण गोगलगाय जमिनीवर येते तीच पावसाळ्यात! मार्चमध्ये गेलेल्या माणसाला ती दिसणार नाही, अहवालात तिचे नाव येणार नाही, आणि जिचे नावच नाही तिच्यासाठी जनसुनावणीत उभे तरी कोण राहणार? पुढे तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावता येतात. फोडलेल्या चुनखडकाच्या बदल्यात दुसरा चुनखडक कुठे उगवणार?

आम्हा सोलापूरकरांना ही भीती पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झाले. एवढा मोठा पक्षी, नाव सगळ्यांच्या तोंडी, दरवर्षी मोजणी, तरी आज तो माळावर दिसला तर बातमी होते. ज्याला मोजलेही नाही त्याचे जाणे कळणारसुद्धा नाही.

चुनखडकापासून बनणारे सिमेंट नको असे मी म्हणत नाही. माझ्याही घराचा स्लॅब सिमेंटचाच आहे. माझे मागणे एवढेच की, चुनखडकाच्या प्रत्येक नव्या खाणपट्ट्यासाठी जीवसृष्टीची पाहणी पावसाळ्यातही सक्तीची करा आणि त्यात जमिनीवरच्या गोगलगायींचे नाव स्पष्ट लिहा. पाहणीला मृदुकाय प्राण्यांचा जाणकार पाठवा. पालापाचोळा चाळून, खडकाच्या भेगा भिंगाने तपासून त्या शोधाव्या लागतात, गाडीतून दिसत नाहीत. आणि एखादी जात त्या एकाच टेकडीवर सापडली, तर ती टेकडी पट्ट्यातून वगळा.

हे अशक्य नाही. सिंधुदुर्गात आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ बोटापेक्षा लहान असा एक नवा मासा सापडला, तेव्हा महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्यासाठी कायदा २००२ पासून आहेच, नवा करावा लागणार नाही. अटींमधली एक ओळ मात्र बदलावी लागेल, आणि ती आपल्या सहीने बदलते. येत्या मृगाआधी ती बदलावी, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक,
सोलापूर