ग्रीक कवितेतली 'ती'

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्राचीन ग्रीसमधल्या समलिंगी प्रेमावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. विषय घेतलात याचा मनापासून आनंद झाला. पण पानभर मजकुरात स्त्रियांच्या वाट्याला एकच वाक्य यावं, 'सॅफो मुलींची शाळा चालवत असे', याचं वाईट वाटलं. सॅफो ही प्राचीन ग्रीक कवयित्री, आणि तिच्या उरलेल्या ओळींत शाळा कुठेच नाही. प्रेम, विरह आणि मत्सर मात्र जागोजागी आहे.

'ग्रीसमध्ये या प्रेमाला मोकळीक होती' हेही अथेन्ससारख्या नगरांतल्या नागरिक पुरुषांपुरतंच म्हणता येईल, आणि त्यांनाही वयाची, अब्रूची बंधनं होतीच. त्याच अथेन्समध्ये बाईवर जन्मभर 'कुरिओस', म्हणजे कायद्याने नेमलेला पालक असे: बाप, मग नवरा, तो नसेल तर भाऊ किंवा मुलगा. एक मेदिम्नोस, म्हणजे सुमारे पन्नास लिटर जवाच्या किमतीपलीकडचा व्यवहार तिला स्वतःच्या नावाने करता येत नसे. तिचा जीव कुणावर जडला, हे कोण लिहून ठेवणार? स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक नगरात मात्र चांगल्या घरच्या बायकाही तरुण मुलींवर प्रेम करत, असं ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने नोंदवलं आहे, तेही कित्येक शतकांनंतर.

म्हणून इ.स.पू. ६००च्या सुमारास लेस्बॉस बेटावर लिहिणारी सॅफो मोलाची. अलेक्झांड्रियाच्या विद्वानांनी तिच्या कवितांचे खंड लावले होते. आज अखंड अशी जवळपास एकच कविता हाती आहे, तीही हॅलिकार्नाससच्या डायोनिशियस या ग्रीक समीक्षकाने शैलीचा नमुना म्हणून सबंध उतरवली म्हणून. तिच्यात प्रेमदेवता अफ्रोडाइटी सॅफोला धीर देते. त्या ओळी मराठीत अशा काहीशा येतील:

'आज पळते, तरी लवकरच मागे लागेल. भेटी नाकारते, तरी स्वतः देईल. प्रेम करत नाही, तरी करील, मनात नसलं तरी.'

ग्रीकमधली ही क्रियापदं लिंग सांगत नाहीत. जिच्यासाठी सॅफो झुरते ती बाई आहे, हे कळतं ते शेवटच्या 'मनात नसलेली' या एका शब्दाच्या स्त्रीलिंगी प्रत्ययावरून. अठराव्या शतकातल्या अ‍ॅम्ब्रोज फिलिप्सच्या इंग्रजी अनुवादात तिथे बिनदिक्कत 'तो' आला. एवढ्याशा प्रत्ययावर एका बाईचं प्रेम तगून राहिलं, हे मला आजही अंगावर काटा आणतं.

मी तीस वर्षं मराठी शिकवलं. आपल्या भाषेत इथे आडोसा घेता येत नाही. पहिल्याच क्रियापदाला 'पळतो' की 'पळते' हे ठरवावं लागतं. आपण या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा ही कविता सबंध छापा, आणि 'पळते' असंच छापा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा