डेल्टा एच उणे आला की धातू सुटलाच, असं नसतं हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या परीक्षेच्या पानावर केमिस्ट्रीच्या शॉर्ट ट्रिक्स आल्या होत्या. त्यातली एक अशी की ऑक्साइडपासून धातू मिळणार का हे बघायला फक्त डेल्टा एच (रिअ‍ॅक्शनमधली उष्णता: बाहेर पडली तर उणे, आत लागली तर अधिक) काढा, उणे आला तर रिअ‍ॅक्शन होणार, अधिक आला तर तो ऑप्शन सरळ काटा. माझ्या भाचीने ते कात्रण वहीत चिकटवलंय म्हणून लिहितोय, नाहीतर एवढे कष्ट घेतले नसते.

आता ट्रिक अगदीच टाकाऊ आहे असं नाही. आमच्या बिल्डिंगमागून रेल्वे लाइन जाते, तिथे रात्रीचा ब्लॉक घेऊन रुळांचं एटी (अ‍ॅल्युमिनो-थर्मिक) वेल्डिंग चालतं ते मी गॅलरीतून कितीदा बघितलंय. दोन रुळांमध्ये 25 मिलिमीटरची फट, भोवती साचा, रुळाची टोकं आधी लालबुंद तापवतात, वर मूस ठेवतात आणि मुशीत आयर्न ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिनियमचं मिश्रण, आणि पेटवायला काय तर दिवाळीतल्या फुलबाजीसारखी कांडी! ती खोचली की डोळे दिपतील असा उजेड, आणि थोड्याच वेळात वितळलेलं लोखंड खाली साच्यात. हिशोब सोपा आहे, ऑक्साइड तयार होतानाचा डेल्टा एच घ्या, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे उणे 1676, फेरिक ऑक्साइडचे (तेच मुशीतलं आयर्न ऑक्साइड) उणे 824, वजाबाकी केली की उणे 852 किलोज्यूल. इथे ट्रिक पास. पण का पास, तर दोन्हीकडे घन किंवा द्रवच आहे, गॅस कुठेच नाही, म्हणून एन्ट्रॉपीचा (कणांच्या विस्कळीतपणाचं माप, खुणेने एस) वाटा किरकोळ राहतो. आणि तरीसुद्धा तेच मिश्रण पिशवीत महिनोन् महिने गुपचूप पडून असतं, कांडी लावेपर्यंत त्याला काही होत नाही, म्हणजे कधी पेटणार हे डेल्टा एच सांगतच नाही.

गडबड होते ती कार्बनपाशी. फेरिक ऑक्साइड अधिक तीन कार्बन, त्यातून दोन लोखंड आणि तीन कार्बन मोनॉक्साइड, याचा डेल्टा एच येतो अधिक 492. ट्रिकप्रमाणे काट मारायची आणि पोलाद कारखाने बंद करून घरी जायचं! पण इथे घन कार्बनपासून तीन मोल गॅस सुटतोय, त्यामुळे एन्ट्रॉपी साधारण 543 ज्यूल प्रति केल्विनने वाढते. रिअ‍ॅक्शन पुढे जाणार का हे खरं डेल्टा जी ठरवतो, तो उणे हवा, आणि डेल्टा जी म्हणजे डेल्टा एच वजा टी (केल्विनमधलं तापमान) गुणिले डेल्टा एस, मग तो शून्य कधी होतो ते बघायला 492000 भागिले 543 करा, साधारण 906 केल्विन, म्हणजे 630 सेल्सियसच्या वर गाडी पुढे सरकते. आकडे 25 अंशांचे आहेत म्हणून हिशोब ढोबळ, पण दिशा बरोबर. लोखंड काढायच्या झोतभट्टीत बरंचसं काम खरं तर कार्बन मोनॉक्साइडच करतो, फेरिक ऑक्साइडशी त्याच्या रिअ‍ॅक्शनचा डेल्टा एच फक्त उणे 25 च्या आसपास, आणि भट्टीला लागणारी उष्णता खालच्या बाजूला कोक (दगडी कोळशापासून केलेलं इंधन) जळतो त्यातून येते.

जस्ताचं उदाहरण तर आपल्याच देशातलं. उदयपूरजवळच्या झावरला मध्ययुगात वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या ठेवून जस्त काढायचे. झिंक ऑक्साइड अधिक कार्बन, डेल्टा एच अधिक 240. जस्त 907 अंशांला उकळतं, त्यामुळे तिथे कार्बन मोनॉक्साइडबरोबर जस्ताचीही वाफ होते, ती मुशीच्या तोंडातून खाली येऊन गार झाली की धातू. त्या लोकांना डेल्टा एच कुठून माहीत असणार, भट्टी किती पेटवायची ते मात्र पक्कं माहीत होतं.

तेव्हा विनंती एवढीच की त्याच पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापा, डेल्टा एच बघा पण गॅस सुटतोय का आणि तापमान किती हेही बघा, आणि एका मोल ऑक्सिजनमागे तुलना करा, नाहीतर एका ऑक्साइडात ऑक्सिजनचे तीन अणू आणि दुसऱ्यात एक, असे आकडे शेजारी ठेवून काय कळणार.

भाचीला कात्रण फाडायला सांगितलेलं नाही, त्याच्या बाजूला लाल पेनने ‘गॅस मोजलास का?’ एवढंच लिहून दिलंय.

आपला नेहमीचा वाचक,
नाशिकरोड